खुर्ची कोणाची, कारभार कोणाचा?

‘साहेब मीटिंगला गेलेत.’ ‘फाईल वर पाठवलीय.’ ‘वरून अजून काही आलं नाही.’ ‘पुढच्या आठवड्यात एक चक्कर मारा.’ मैत्रिणींनो, यातलं एकही वाक्य कधी ऐकलं नाही अशी बाई आपल्या तालुक्यात सापडली, तर तिचा साडी-चोळी देऊन सत्कारच करायला हवा! रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं असो, निराधार योजनेचा अर्ज असो की मुलीचा जातीचा दाखला, ही वाक्यं आपल्याला आरतीसारखी पाठ झालेली असतात. गंमत म्हणजे यात ‘नाही’ हा शब्द कुठेच नाही. काम होत नाही, एवढंच!

आणि हे ‘वर’ म्हणजे नेमकं कुठे? तलाठी म्हणतात तहसील, तहसीलवाले म्हणतात कलेक्टर ऑफिस, कलेक्टर ऑफिस म्हणतं मंत्रालय. मंत्रालयाच्या पायऱ्या चढून थेट मंत्र्यांना गाठलं, तर तेही कपाळाला हात लावून म्हणतात, ‘अहो ताई, मी तर कधीच आदेश दिलाय. अधिकारीच ऐकत नाहीत!’ मग कारभार चालवतं तरी कोण? निवडून आलेला, की नेमलेला?

याच एका प्रश्नावर साहेबांच्या देशात, म्हणजे इंग्लंडात, एक अफलातून विनोदी मालिका झाली. नाव ‘येस मिनिस्टर’. २५ फेब्रुवारी १९८० रोजी बीबीसीवर तिचा पहिला भाग लागला आणि ती १९८४ पर्यंत चालली. पुढे १९८६ ते १९८८ या काळात त्यातले मंत्रिमहोदय बढती मिळून थेट पंतप्रधान झाले आणि मालिकेचं नाव झालं ‘येस, प्राइम मिनिस्टर’. अँटनी जे आणि जोनाथन लिन या दोघांनी ती लिहिली. आपल्याकडे २००१ साली स्टार प्लसवर तिचा हिंदी अवतार आला, ‘जी मंत्रीजी’. फारुख शेख मंत्री सूर्यप्रकाश सिंह आणि जयंत कृपलानी त्यांचे सचिव राजनाथ माथुर. सासू-सुनांच्या मालिकांच्या त्या गर्दीत ती कुणाकुणाच्या लक्षात असेलही.

मूळ मालिकेत पात्रं मोजून तीन. पहिले मंत्री जिम हॅकर. मनाने वाईट नाहीत, काहीतरी करून दाखवायची हौस आहे; पण जीव सगळा मतांत आणि पेपरातल्या फोटोत. दुसरे त्यांच्या खात्याचे सचिव सर हम्फ्री. अतिशय हुशार, अतिशय नम्र आणि अतिशय बेरकी. मंत्री काहीही म्हणाले की ‘येस मिनिस्टर’ म्हणणार आणि शेवटी व्हायचं तेच होणार, जे हम्फ्रींच्या मनात असतं. तिसरा बिचारा बर्नार्ड, मंत्र्यांचा खासगी सचिव. मंत्र्यांशी इमान राखावं तर साहेब नाराज, साहेबांचं ऐकावं तर मंत्री नाराज. दोन सासवांच्या मधली सूनच म्हणा ना!

या मालिकेत कुणी खलनायक नाही, कुणी पैसे खात नाही, टेबलाखालून पाकीट सरकवत नाही. आपल्या सिनेमातला मंत्री म्हणजे पांढरी टोपी, गडगडाटी हसणं आणि मागे चार गुंड. तो पडद्यावर आला की आपल्याला लगेच कळतं. इथे मात्र सगळे सभ्य, सुशिक्षित, चहा पीत बोलणारे. आणि तरीही लोकांचं काम होत नाही! ते का होत नाही, हे एकेका भागातून उलगडत जातं आणि हसता हसता आपण चमकतो, की अरे, हे तर आपल्या पंचायत समितीत परवाच घडलं!

एक भाग तर मी कधीच विसरणार नाही. एक नवंकोरं हॉस्पिटल आहे. सुमारे ५०० कर्मचारी आहेत. हिशेब लिहिणारे आहेत, देखभाल करणारे आहेत, कागद ठेवणारे आहेत. सगळे अगदी कामात बुडालेले. फक्त एक गोष्ट नाही, रुग्ण! डॉक्टर-नर्सची नेमणूक करायला पैसेच उरले नाहीत. मंत्री चक्रावून विचारतात, हे काय चाललंय? तर सगळ्यांना त्यांचाच प्रश्न विचित्र वाटतो. हॉस्पिटल उत्तम चाललंय, स्वच्छतेत तर पहिला नंबर आहे, आणखी काय हवं? रुग्ण आले तर उलट घाण होणार! आपल्या गावाकडे रंग देऊन उभी असलेली आणि कुलूप लागलेली उपकेंद्राची इमारत ज्यांनी पाहिलीय, त्यांना यातला विनोद वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी गंमत भाषेची. हम्फ्रींना एखादी गोष्ट लपवायची असली की ते इतकं लांबलचक वाक्य बोलतात, की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायला होतं. आणि मंत्र्यांना एखाद्या चांगल्या निर्णयापासून परावृत्त करायचं असेल, तर ते विरोध करत नाहीत. फक्त म्हणतात, ‘वा, फार धाडसी निर्णय!’ ‘धाडसी’ म्हणजे पुढची निवडणूक हरणार, हे मंत्र्यांना चांगलं ठाऊक. झालं, निर्णय बारगळला. आपली सरकारी मराठी तरी काय कमी आहे? ‘उपरोक्त विषयान्वये प्रस्ताव विचाराधीन असून यथावकाश उचित कार्यवाही करण्यात येईल.’ मी मराठी घेऊन बी.ए. झाले, पण असं पत्र हातात आलं की मलाही दोनदा वाचावं लागतं. फाईलला सरकार ‘नस्ती’ म्हणतं. आणि तुमचा अर्ज ‘नस्तीबद्ध’ केला असं पत्र आलं, तर पेढे वाटू नका बरं! त्याचा अर्थ तो अर्ज गुंडाळून कपाटात ठेवला.

टाळायच्या पाच पायऱ्या

मालिकेच्या पहिल्याच वर्षातल्या एका भागात हॅकर आपल्या आधीच्या मंत्र्याला, म्हणजे विरोधी पक्षातल्या माणसाला, गाठतात. तो त्यांना अधिकाऱ्यांची गुरुकिल्ली सांगतो, काम टाळायच्या पाच पायऱ्या. पहिली, सरकार नवीन आहे, आधी महत्त्वाची कामं होऊ देत. दुसरी, हेतू चांगला आहे, पण हाच मार्ग योग्य का? तिसरी, मार्ग योग्य आहे, पण ही वेळ नाही. चौथी, तांत्रिक आणि कायद्याच्या अडचणी आल्यात. आणि पाचवी, आता निवडणूक तोंडावर आली, आता कसलं काम!

हे पाहिलं तेव्हा मी आधी खो-खो हसले आणि मग गप्प झाले. कारण हाच पाच अंकी प्रयोग मी डोळ्यांनी पाहिला होता. बचत गटाच्या कामाने मी गावोगाव फिरते. एका गावात महिला राखीव जागेवर एक ताई सरपंच झाल्या. शिक्षण नववी, पण बाई जिद्दीची. अंगणवाडीला स्वच्छतागृह नव्हतं. लहान पोरं उघड्यावर जायची आणि सेविकेची तर दिवसभर कुचंबणा. ‘माझ्या काळात एवढं एक काम करणारच,’ असं त्यांनी निवडून येताच सांगितलं.

ग्रामसेवक, म्हणजे गावाच्या भाषेत भाऊसाहेब, अगदी गोड बोलणारे. पहिल्या वर्षी म्हणाले, ‘ताई, आत्ता तर निवडून आलात, आधी कारभार समजून घ्या.’ मग म्हणाले, ‘कल्पना छानच आहे, पण अंगणवाडीची इमारतच जुनी, नवीन इमारतीत एकदमच करू.’ मग आला मार्च एंड. ‘आता खर्चाच्या गडबडीत कशाला, एप्रिलनंतर बघू.’ एप्रिलनंतर इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, जागेचा उतारा. आणि हे सगळं जमतंय तोवर लागली आचारसंहिता! भाऊसाहेबांनी काही ‘येस मिनिस्टर’ पाहिलेलं नव्हतं. पण पाच पायऱ्या, एक कमी नाही की एक जास्त नाही!

मैत्रिणींनो, म्हणूनच मला वाटतं, ही मालिका मोठ्या शहरातल्या इंग्रजी येणाऱ्या लोकांपुरती नाही. ती आपल्या गावातल्या सरपंचबाईंचीच गोष्ट आहे. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून ते प्रमाण निम्म्यावर गेलं. म्हणजे हजारो बाया ‘मंत्री’ झाल्या की! पण मंत्र्यासारखीच त्यांचीही मुदत पाच वर्षांची. आरक्षण फिरतं, पुढच्या वेळी ती जागा बाईची असेलच असं नाही. उलट भाऊसाहेबांची बदली झाली तरी नोकरी पक्की, नियम तोंडपाठ, कपाटाच्या चाव्या कमरेला. पंचायतीच्या चेकवर सही दोघांची लागते. पण एकीला माहीत नसतं आपण कशावर सही करतोय, आणि दुसऱ्याला सगळं माहीत असतं. त्यात घरात ‘सरपंचपती’ नावाचा तिसरा कारभारी असला, की मग बघायलाच नको. हॅकरना निदान एकच हम्फ्री होता!

बाई लायक आहे, पण...

आपल्यासाठी मुद्दाम सांगावा असा आणखी एक भाग आहे, १९८२ सालचा. शाळेतली एक मुलगी आपल्या शाळेच्या मासिकासाठी मंत्र्यांची मुलाखत घ्यायला येते. गोड, निरागस पोर. ती विचारते, तुम्ही मंत्री म्हणून स्वतः काय केलंत? मंत्री सांगू लागतात, समित्या, बैठका, दौरे. ती पुन्हा विचारते, हो, पण त्यातून झालं काय? मंत्र्यांची बोलतीच बंद!

मग त्यांच्या मनात येतं, मोठ्या हुद्द्यांवर बायका इतक्या कमी का? निदान एक चतुर्थांश तरी असायला हव्यात. सगळ्या खात्यांच्या सचिवांची बैठक होते. प्रत्येक जण म्हणतो, तत्त्वतः आमचा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त आमच्या खात्यात ते जमणार नाही! कुणाच्या खात्यात काम फार खडतर, कुणाच्या खात्यात फार नाजूक. ‘तत्त्वतः’ या शब्दाखाली किती बायकांच्या बढत्या गाडल्या गेल्या असतील, देव जाणे.

आणि शेवट तर डोळे उघडणारा. मंत्री ज्या हुशार अधिकारी बाईंना मोठी बढती द्यायला निघतात, त्या नोकरीच सोडून बँकेत चालल्यात. कागद इकडून तिकडे सरकवण्याचा त्यांना कंटाळा आलाय. शिवाय मी लायक आहे म्हणून जागा द्या, टक्केवारी भरायची म्हणून नको, असंही त्या ठणकावतात. आपल्या सरपंच, नगरसेविका यांनाही हाच टोमणा रोज ऐकावा लागतो ना, ‘आरक्षणामुळे आल्या’? मला विचाराल, तर आरक्षणाने दार उघडतं हे खरंच आहे आणि ते उघडायलाच हवं होतं. पण आत गेल्यावर कपाटाची चावी आपली आपणच मागावी लागते.

हसून काय होतं?

कुणी म्हणेल, अशा चेष्टेने काय साधतं? प्रश्न बरोबर आहे. इंग्लंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना ही मालिका भलतीच आवडायची. इतकी, की १९८४ मध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी हॅकर आणि हम्फ्री झालेल्या नटांबरोबर स्वतः एक छोटा प्रवेशही केला! म्हणजे ज्यांच्यावर हसायचं, तेच पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. आपल्याकडेही तेच. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात राजा, प्रधान, कोतवाल यांची दादा कोंडके आणि मंडळींनी यथेच्छ रेवडी उडवली. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्याच्या कोटातला सामान्य माणूस १९५१ पासून वर्षानुवर्षं मुकाट्याने सगळं पाहत राहिला. १९७९ मध्ये डॉ. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’ने तर मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीभोवतीची सगळी घोडदौड दाखवली. म्हणून खुर्चीचा मोह कमी झाला? मुळीच नाही.

पण एक फरक नक्की पडतो. टोपीवाल्या खलनायकाला पाहून आपण घरी येतो तेव्हा मनात एकच वाक्य असतं, ‘सगळे चोर!’ हे वाक्य बोलायला सोपं आणि फार सोयीचं. सगळेच चोर म्हटलं, की मग अर्ज कशाला करा, ग्रामसभेला कशाला जा? चांगल्या चेष्टेचं तसं नसतं. ती युक्ती उघडी करून दाखवते. जादूगाराची बाही एकदा दिसली, की पुढच्या वेळी आपली नजर बरोब्बर तिकडेच जाते.

आणखी एक सांगते. हम्फ्रींची बाजूही अगदीच खोटी नाही. आज आलेला मंत्री उद्या जाणार. त्याच्या लहरीनुसार रोज नियम बदलायचे का? चुकीच्या आदेशावर ‘हे नियमात बसत नाही’ असा शेरा लिहिणारा अधिकारी असतो, म्हणून कितीतरी सरकारी जमिनी वाचतात. असे शेरे लिहून बदलीची पिशवी कायम भरलेली ठेवणारी माणसंही आपल्याकडे आहेत. म्हणजे अडवणं वाईट नाही. कारण न सांगता, गोड बोलून, कागदावर काहीच न लिहिता अडवणं वाईट.

आणि नेमकं इथेच आपण हॅकरसाहेबांपेक्षा भाग्यवान आहोत बरं का! २००५ चा माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे. १० रुपयांचं शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही आणि ३० दिवसांत उत्तर. फाईलवर कुणी काय शेरा मारला, त्या टिप्पण्यासुद्धा मागता येतात. २००६ मध्ये केंद्र सरकार या टिप्पण्या कायद्यातून वगळायला निघालं होतं, तेव्हा अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि देशभरातून ओरड झाली. तो बदल मागे पडला. हम्फ्रींना हे कळलं असतं तर त्यांचा चहाच थंड झाला असता! शिवाय एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं महाराष्ट्राचा बदल्या आणि दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने तर कितीतरी दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही तर अपील करता येतं. फक्त अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. पोच नाही तर अर्ज नाही!

त्या सरपंच ताईंनी काय केलं? आचारसंहिता उठल्यावर त्यांनी भाऊसाहेबांशी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, जी काय अडचण आहे ती कागदावर लिहून द्या. मी वाचून घेते.’ मासिक सभेचं प्रोसिडिंग त्या घरी मुलीकडून वाचून घेऊ लागल्या आणि वाचल्याशिवाय सही करेनात. तांत्रिक मान्यतेचं कुठे अडलंय हे विचारायला स्वतः पंचायत समितीत इंजिनिअरसाहेबांसमोर जाऊन बसल्या. अडचणी लिहायची वेळ आली तेव्हा पाचातल्या चार आपोआप नाहीशा झाल्या. उरली ती खरी अडचण होती आणि ती सोडवायला भाऊसाहेबांनीच मदत केली, हेही सांगायला हवं. ताईंची मुदत संपायच्या तीन महिने आधी अंगणवाडीचं स्वच्छतागृह उभं राहिलं. दोन खोल्यांचं, बाहेर पाण्याची टाकी असलेलं. उद्घाटनाला फित नव्हती, पेपरात फोटो नव्हता. सेविकेने कुलपाची किल्ली तेवढी आपल्या पदराला बांधली.

आपल्या प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. अनेक गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. पुढच्या सभेला जाल तेव्हा शाळेच्या मासिकासाठी आलेल्या त्या मुलीचा प्रश्न सोबत न्या. आवाज चढवू नका, आरोप करू नका. सरपंचांना, भाऊसाहेबांना, आमदार आले तर आमदारांनाही शांतपणे विचारा, ‘हो, बैठका झाल्या, प्रस्ताव गेला. पण त्यातून झालं काय?’ आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.